मेलचे खण पाडताना : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात पासवर्डबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले. माझी मेल संगणकावर उतरली की आपोआप आपापल्या खणात जाते आणि सकाळी मला सात-आठच पत्रं वाचावी लागतात, असं ते वाक्य होतं. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते. मी मिरजेला रेल्वे टपाल सेवेत, म्हणजे आरएमएसमध्ये, सॉर्टिंगला होते. २०१८ साली निवृत्त झाले. टपाल वेगळं करणं हेच आयुष्यभराचं काम असल्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच लिहीन. ते चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान आहे. रोज शंभर-सव्वाशे मेल येतात. बाहेरच्या खरेदीदारांची भावाची विचारणा, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, बँक, जीएसटी आणि उरलेला सगळा जाहिरातींचा कचरा. मुलानं थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम टाकून दिला आणि एक फिल्टर केला. विषयात इंग्रजी 'रेट' हा शब्द असला की मेल 'हळद भाव' या फोल्डरमध्ये जावी. आता त्यात विम्याच्या, हॉटेलांच्या, कसल्या कसल्या मेल जाऊन बसतात आणि इरोडच्या पार्टीची मेल मात्र इनबॉक्समध्ये गर्दीत तशीच राहते. कुठं चुकतंय?

मुलानं शब्दावर भरवसा ठेवला, तिथं चुकलं. फिल्टरला शब्द कळत नाही, त्याला नुसती अक्षरं दिसतात. अट घालताना 'कंटेन्स' निवडलं की विषयाच्या ओळीत आर-ए-टी-ई ही चार अक्षरं लागून कुठं सापडतात का, एवढंच तो बघतो. 'कॉर्पोरेट'च्या शेपटीला ती आहेत, 'सेपरेट'च्या आहेत, 'सेलिब्रेट'च्याही आहेत. म्हणून कॉर्पोरेट विम्याची जाहिरात तुमच्या हळदीच्या भावात जाऊन बसते. आणि इरोडचा खरेदीदार बहुधा नवा विषय लिहीतच नसेल. महिन्याभरापूर्वीच्या एखाद्या मेलला उत्तर म्हणून तो भाव विचारत असणार. विषय जुनाच, कुठल्या तरी लॉटचा. त्यात 'रेट' नाही, मग फिल्टर त्याला ओळखणार कसा?

सॉर्टिंगच्या फळीपुढं उभं राहून आम्ही पत्र हातात घ्यायचो तेव्हा आतला मजकूर आमच्या उपयोगाचा नसायचा. नजर जायची ती पिनकोडवर. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं. ४१६४१६ घ्या. पहिला चार म्हणजे आपल्याकडचा विभाग, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट, इथं सांगली. मिरज ४१६४१०. शेवटचा सहा घाईत शून्य वाचला गेला की सांगलीचं पत्र मिरजेच्या खणात. गावाचं नाव वाचून टपाल टाकायला गेलं तर एकाच नावाची दहा गावं निघतात, शिवाय दहा भाषांत दहा तऱ्हेनं लिहिलेली. आकडा मात्र एकाच गावाचा.

मेलमध्ये असा आकड्यासारखा पक्का भाग म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. टपालात आम्ही 'कोणाला' हे बघायचो. तुमच्या मेलमध्ये 'कोणाला' नेहमी तुम्हीच असता, म्हणून 'कोणाकडून' हे बघायचं. माणूस विषय रोज बदलेल, पत्ता सहसा बदलत नाही.

आता हे करा. थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकमध्ये 'खरेदीदार' नावाचं वेगळं बुक उघडा आणि इरोड, सेलम, मुंबई, जिथले कोणी असतील त्यांचे पत्ते त्यात घाला. मग 'टूल्स'मधून 'मेसेज फिल्टर्स' उघडून 'न्यू' दाबा. अटीत 'फ्रॉम' घ्या, शेजारी 'इज इन माय ॲड्रेस बुक' घ्या आणि 'खरेदीदार' निवडा. याचा मोठा फायदा असा, की उद्या नवा खरेदीदार जोडला तर फिल्टरला हात लावायचा नाही. त्याचा पत्ता बुकमध्ये घातला की झालं.

मग या मेलचं करायचं काय? इथं बहुतेक जण घसरतात. महत्त्वाची मेल आधी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतात. मी उलट सांगेन. खरेदीदाराची मेल हलवू नका, तिला फक्त रंगीत टॅग लावा आणि इनबॉक्समध्येच राहू द्या. हलवायचं ते बाकीचं. बिल्ट्या एका फोल्डरमध्ये, बँक आणि जीएसटी एका, जाहिराती एका. इनबॉक्स म्हणजे आजचा बटवडा. ज्याला आज उत्तर द्यायचं तेवढंच टपाल समोर असावं. फोल्डर चार-पाचाच्या वर नेऊ नका. हळदीत तुम्ही हळकुंड, गट्ठा आणि कणी वेगळी करता ती त्यांचा सौदा वेगळा होतो म्हणून. मेलचंही तसंच. दोन फोल्डर तुम्ही एकाच वेळी उघडून एकाच पद्धतीनं बघणार असाल तर ते दोन कशाला हवेत?

ट्रान्सपोर्ट कंपनीची मेल कधी बुकिंगवरून, कधी हिशोबातून येते, प्रत्येकाचा पत्ता वेगळा. तिथं 'कंटेन्स' खुशाल वापरा, पण 'ॲट'च्या चिन्हासकट पुढचा भाग घाला. ते चिन्ह घातलं की शेपटीचा घोळ होत नाही.

फिल्टर वरून खाली, यादीतल्या क्रमानं चालतात. एकच मेल दोन नियमांत बसली तर दोन्ही तिच्यावर चालायला जातात. म्हणून 'खरेदीदार' सगळ्यात वर ठेवा आणि त्याच्या कृतीत शेवटी 'स्टॉप फिल्टर एक्झिक्युशन' जोडा. टॅग लागला की पुढचा कुठलाही नियम त्या मेलला शिवणार नाही.

नवा नियम थेट चालू मेलवर सोडू नका. 'चाचणी' नावाचा फोल्डर करा, त्यात जुन्या पन्नासेक मेलच्या प्रती टाका आणि फिल्टरच्या खिडकीत खाली तो फोल्डर निवडून 'रन नाऊ' दाबा. कुठली मेल कुठं गेली ते डोळ्यांनी बघा. त्याच खिडकीत 'फिल्टर लॉग' आहे, तोही चालू करून ठेवा. कुठल्या नियमानं कुठली मेल कधी हलवली याची नोंद त्यात राहते. आमच्याकडं प्रत्येक पुडक्यावर लेबल असायचं. पुडकं कुठल्या सेटनं, म्हणजे कुठल्या पाळीच्या तुकडीनं, बांधलं ते त्यावरून कळायचं, आणि चूक झाली तर ती कोणाच्या हातून झाली तेही. माझ्या मते लॉगशिवाय फिल्टर चालवूच नये.

प्रश्न : मी तासगावला शिक्षिका आहे. घरच्या संगणकावर फिल्टर केले, छान चालतात. पण शाळेत असताना फोनवर बघते तर सगळी मेल इनबॉक्समध्येच ढीग होऊन पडलेली असते. संध्याकाळी घरी संगणक लावला की फोनवरही सगळं जागच्या जागी! असं का, ताई?

कारण वेगळं करणारा माणूस तुमच्या घरच्या संगणकात बसलेला आहे. संगणक बंद असला किंवा थंडरबर्ड उघडलेलं नसलं की तो कामावर नसतो, आणि मेल कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, इनबॉक्समध्ये थांबून राहते. संध्याकाळी तो कामाला लागला की मेल फोल्डरमध्ये हलवतो. तुमचं खातं आयमॅप या पद्धतीनं जोडलेलं आहे, म्हणून ती हलवाहलव सर्व्हरवरही होते आणि फोनवर दिसते. पॉप या दुसऱ्या पद्धतीनं जोडलेलं असतं तर मेल फक्त संगणकात उतरली असती आणि फोनला फोल्डरांचा पत्ताच लागला नसता.

दिवसभर फोनवरही वेगळी झालेली हवी असेल तर दोन-तीन ठळक नियम मेल देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर, सेटिंग्जमध्ये करा. ते चोवीस तास चालतात. बाकीचे घरच्या संगणकावरच राहू द्या. आणखी एक सांगते. सर्व्हरवरच्या नियमानं मेल परस्पर एखाद्या फोल्डरमध्ये गेली तर थंडरबर्ड तो फोल्डर आपणहून तपासेलच असं नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये नवी मेल आणताना हा फोल्डर नेहमी तपासावा, अशी खूण आहे, ती करा.

प्रश्न : बाई, मी विट्याचा, निवृत्त बँक कर्मचारी. रोज तीस-चाळीस फालतू मेल. मी फिल्टर करून 'लोन', 'ऑफर', 'विनर' असे शब्द असलेली मेल सरळ डिलीट होईल असं केलं आहे. आता शांतता आहे. मित्र म्हणतो हे धोक्याचं आहे. खरंच आहे का?

मित्राचं ऐका. आजच तो नियम उघडून 'डिलीट'च्या जागी 'मूव्ह' करा.

माझ्या हातून काय झालं ते सांगते. मी आमच्या सोसायटीची सचिव आहे. सोसायटी नदीच्या अंगाला, तळमजल्याला पाणी येतं ते माहीत असलेली. सभासदांची दर महिन्याची देखभालीची रक्कम भरल्याची मेल येते. विषय बहुतेक ठरलेला, 'देखभाल, अमुक महिना'. म्हणून मी नियम केला होता. विषयात 'देखभाल' असलं की मेल 'सोसायटी देखभाल' फोल्डरमध्ये जावी आणि तिच्यावर वाचल्याची खूण व्हावी. पावत्या मी महिनाअखेरीला एकदाच बघायचे, तर उगाच ठळक अक्षरांत कशाला दिसायला हव्यात, असा विचार केला होता.

२०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी सांगलीत घरोघरी तोंडपाठ असते. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या दिवशी आकडा धोक्याच्या वर गेला होता. आम्ही सगळे जिन्यावर सामान चढवत होतो. मी दर अर्ध्या तासाला मेल बघत होते, कारण बाहेरगावी असलेली मुलं फोन लागला नाही की मेल टाकत होती. रात्री अकराला शेवटचं बघितलं. इनबॉक्समध्ये काही नव्हतं.

पहाटे साडेपाचला कशासाठी तरी 'सोसायटी देखभाल' फोल्डर उघडला. बंगळूरला असलेल्या एका सभासदाची मेल आदल्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आलेली होती. विषय, 'आईची देखभाल'. आत तीनच ओळी. आई तळमजल्याला एकटी आहे, गुडघ्यामुळं तिला जिना चढवत नाही, कुणीतरी वर न्या. वर वाचल्याची खूण होती. मी न वाचताच.

आजी सुखरूप होत्या. शेजारच्या दोन मुलांनी त्यांना संध्याकाळीच खुर्चीत बसवून वर नेलं होतं. पण ते माझ्यामुळं झालं नव्हतं. मी त्यांच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं आणि त्याच दिवशी तो नियम काढला. आता सभासदांच्या मेलवर मी शब्दाची अट घालत नाही आणि न उघडलेल्या मेलवर वाचल्याची खूण करणारा नियम तर कुठंच ठेवत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सभासदांची कुठलीही मेल इनबॉक्सबाहेर जातच नाही. पावसाळ्यापुरता त्यांच्या मेलचा आताचा नियमही मी टिक काढून बंद ठेवते.

माझी मेल निदान पडून होती म्हणून पहाटे तरी सापडली. तुमच्या नियमात ती डिलीट झाली असती. 'ऑफर' या शब्दाचंच बघा. तुमच्या नातवाला नोकरीचं ऑफर लेटर आलं आणि आनंदानं त्यानं ते आजोबांना पाठवलं, तर तुम्हाला ते दिसणारच नाही. 'लोन'चंही तसंच. तुम्ही बँकेत होता, जुन्या सहकाऱ्यांच्या मेलमध्ये तो शब्द येणारच.

टपाल खात्यात ज्या पत्राचा पत्ता लागत नाही आणि पाठवणाराही कळत नाही ते पत्रसुद्धा फेकत नाहीत. ते रिटर्न लेटर ऑफिसला जातं. तिथं ते उघडायचा अधिकार असतो, आत कुठं पाठवणाऱ्याचा पत्ता मिळतो का बघतात आणि मिळाला तर परत पाठवतात. सॉर्टरनं खणाचा निर्णय घ्यायचा, पत्र नष्ट करायचा निर्णय त्याचा नाही. तुमच्या फिल्टरलाही तेवढाच अधिकार द्या.

मग कचऱ्याचं काय करायचं? थंडरबर्डमध्ये जंक ओळखणारा वेगळा भाग आहे, तो वापरा. तो शिकतो. तुम्ही एखादी मेल निवडून 'जे' हे अक्षर दाबलं की ती जंक आहे असं त्याला कळतं. त्या मेलमधले शब्द जंकमध्ये किती वेळा येतात आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, याचा हिशोब तो ठेवतो आणि पुढच्या मेलची शक्यता मांडतो. बेझ या गणितज्ञाच्या शक्यतेच्या गणितावरची ही युक्ती पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाच्या २००२ सालच्या एका लेखानंतर घरोघरीच्या मेल प्रोग्रॅममध्ये आली. तुमच्या नियमापेक्षा ती चांगली, कारण एका 'लोन' शब्दावर ती फाशी देत नाही. त्याच मेलमध्ये तुमच्या मित्राचं नाव, 'विटा', 'पेन्शन' असे तुमच्या चांगल्या मेलमध्ये नेहमी येणारे शब्द असले तर पारडं दुसरीकडं झुकतं.

पण त्याला दोन्ही बाजू शिकवाव्या लागतात. नुसतं 'जे' दाबत राहिलात तर त्याला फक्त वाईट काय ते कळेल. पहिले दोन-तीन आठवडे जंक फोल्डर रोज उघडा, चुकून गेलेली चांगली मेल निवडून 'नॉट जंक' करा. मग आठवड्यातून एकदा पुरे. मी रविवारी सकाळी चहा घेत बघते, पाच मिनिटं लागतात. जंक किती दिवसांनी पुसायचं तेही खात्याच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. मी तीस दिवस ठेवलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी विश्रामबागेत राहतो, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सवर फेचमेलनं मेल आणतो आणि प्रॉकमेलनं वेगळी करतो. पत्त्यावरचे नियम चालतात. पण विषयात 'परीक्षा' हा शब्द देवनागरीत घालून केलेला नियम एकदाही लागला नाही. स्पेलिंग दहा वेळा तपासलं. प्रॉकमेलला मराठी येत नाही का?

बाळा, तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला. हे मी स्वतः दोन रात्री बसून शोधलं होतं, म्हणून सविस्तर सांगते.

ती मेल थंडरबर्डमध्ये उघड आणि कंट्रोल-यू दाब. मेलचा मूळ मजकूर दिसेल, जसा तारेवरून आला तसा. विषयाची ओळ शोध. तिथं 'परीक्षा' नसेलच. बरोबरीचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, पुन्हा प्रश्नचिन्ह, बी, आणि मग इंग्रजी अक्षरांची न लागणारी एक लांब माळ, असं काहीतरी असेल. ईमेलचं हेडर, म्हणजे पाठवणारा, विषय वगैरे वरच्या ओळी, मुळात इंग्रजी अक्षरं आणि थोडीफार चिन्हं, अशा एकूण १२८ खुणांपुरतंच ठरलं होतं. बाकीच्या लिप्या त्यातून न्यायच्या तर त्यांना त्या खुणांच्या वेषात न्यावं लागतं. त्याचा नियम १९९६ साली पक्का झाला. थंडरबर्ड दाखवताना तो वेष उतरवतं आणि त्याचा फिल्टरही उतरवलेला विषय बघतो. प्रॉकमेल वेषातलाच बघतं. त्याला तुझी 'परीक्षा' दिसत नाही, माळ दिसते.

तुझ्या मनात आलं असेल, की मग 'परीक्षा'ची माळ काढून तीच नियमात घालू. मीही तेच केलं. एका मेलला लागलं, दुसऱ्या मेलला नाही. कारण मजेदार आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण, मग ती प असो, काना असो की हलन्त, तीन बाइट घेते. वेष चढवायची बेस-६४ नावाची रीत अशी, की तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार अक्षरं करायची. 'परीक्षा'त प, र, ी, क, ्, ष, ा अशा सात खुणा. सात त्रिक एकवीस बाइट, म्हणून अठ्ठावीस अक्षरं, अगदी बरोबर बसतात. पण आधी 'सत्र परीक्षा' असं लिहिलं तर मधली मोकळी जागा एकच बाइट घेते. तिच्यापाशी तीन-तीनची घडी एकानं सरकते आणि पुढची सगळी अक्षरं बदलतात. तोच शब्द, वेगळी माळ. दोन मोकळ्या जागा असल्या तर तिसरीच माळ. एकदा पाऊल चुकलेली रांग पुढं सगळीच चुकत जाते, तसं. मला हे उमगलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी वहीत खुणा मोजत बसले होते.

तेव्हा विषयाचा नाद सोड. परीक्षा विभागाची मेल ज्या पत्त्यावरून येते त्यावर नियम कर. मेलिंग लिस्टवरून येत असेल तर त्याच मूळ मजकुरात 'लिस्ट-आयडी' अशी ओळ शोध. यादी चालवणारा प्रोग्रॅमच ती घालतो, पाठवणारा कुणीही असला तरी ती तीच राहते. पिनकोडइतकी पक्की खूण.

आणि खरं सांगू का, प्रॉकमेलवर आता नवं काही बांधू नकोस. स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी १९९० मध्ये ते लिहिलं. त्या काळात विद्यापीठांतल्या लोकांचं अर्ध टपाल त्यानंच लावलं असेल, मला त्याचा फार आदर आहे. पण २००१ च्या आवृत्तीनंतर जवळजवळ वीस वर्षं नवी आवृत्ती आली नाही आणि मधल्या काळात त्यात सुरक्षेच्या चुका सापडल्या. त्याऐवजी सीव्ह ही मेल वेगळी करायच्या नियमांची भाषा शीक. नावातच चाळण आहे. ती २००८ च्या आरएफसी ५२२८ या इंटरनेटच्या नियमपत्रात नीट मांडलेली आहे, वाचायला सोपी, आणि ती विषयाचा वेष उतरवून तुलना करते. देवनागरीत 'परीक्षा' लिहिलंस की 'परीक्षा'च शोधते. घरच्या लिनक्सवर डव्हकॉट हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम बसवून त्याचा सीव्हचा भाग चालवता येतो. त्या भागाचं नाव आहे 'पिजनहोल', म्हणजे आमच्या सॉर्टिंगच्या फळीतला खण! ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

सीव्हकडं जाईपर्यंत प्रॉकमेलमध्ये एवढं तपास. एकाच मोठ्या फाइलमध्ये मेल टाकत असशील तर नियमाच्या पहिल्या ओळीत शून्यानंतर दुसरा विसर्ग-चिन्हासारखा कोलन आहे ना? तो नसला तर दोन मेल एकाच क्षणी आल्यावर एकीत एक मिसळतात. मेलडिर पद्धतीनं, प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवत असशील तर त्याची गरज नाही. मेलडिरच ठेव.

प्रश्न : ताई, बँकेच्या नावानं खोट्या मेल येतात. खऱ्या आणि खोट्या मेल फिल्टरनं वेगळ्या करता येतील का? (एक गृहिणी, मिरज)

पूर्ण नाही, ताई. मेलवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही घालू शकतं, पाकिटाच्या मागं कुणीही कुणाचंही नाव लिहावं तसं. म्हणून बँकेच्या नावावर नियम करून ती मेल 'बँक' फोल्डरमध्ये टाकू नका. त्यानं खोटी मेल खऱ्यांच्या शेजारी जाऊन बसते आणि आपला विश्वास बसतो. नियम करायचाच तर पूर्ण पत्त्यावर करा, पण पत्ताही खोटा घालता येतो हे लक्षात ठेवा. कुठल्याही फोल्डरमधल्या मेलमधल्या लिंकवरून बँकेत जायचं नाही. पत्ता स्वतः टाइप करून जायचं किंवा शाखेत जायचं.

प्रश्न : संगणक बदलतोय. दोन वर्षांत जमवलेले फिल्टर नव्यावर कसे न्यायचे? (एक वाचक, सांगली)

थंडरबर्डच्या 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथं प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. आत आयमॅपच्या फोल्डरमध्ये प्रत्येक खात्याचा एक फोल्डर असतो आणि त्यात 'एमएसजी फिल्टर रूल्स' नावाची डॅट फाइल. नियम सगळे त्या एका फाइलमध्ये असतात, साध्या मजकुरात, नोटपॅडमध्ये वाचता येतात. खाती तीन असतील तर फाइलीही तीन, तेव्हा प्रत्येकीचं नाव खात्याप्रमाणं लिहून पेनड्राइव्हवर घ्या. नव्या संगणकावर आधी तेच खातं जोडा, तेच फोल्डर दिसतात का बघा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून फाइल मूळ नावानं त्या जागी ठेवा. नव्यावर खात्याच्या फोल्डरचं नाव वेगळं पडलं असेल तर नियमातला फोल्डरचा पत्ता जुळत नाही. तेवढे नियम उघडून फोल्डर पुन्हा निवडायचा. जुन्या संगणकावरची फाइल महिनाभर तरी पुसू नका.